आडनाव न विचारता ओळखणारी चिठ्ठी
संगणकातील 'कुकी' आणि आपली खासगी माहिती

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीचा दाखला असो, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा प्रवेश असो की गावी जाण्यासाठी रेल्वेचे तिकीट असो, ही सारी कामे आता संगणकावर किंवा हातातल्या मोबाईलवर होतात. पूर्वी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत, आता महा-ई-सेवा केंद्रात रांग लावावी लागते. घरोघरी मुलांच्या हातात मोबाईल आला आहे. शिक्षणाची आणि नोकरीची दारे त्यातूनच उघडत आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

मात्र कोणतेही संकेतस्थळ उघडले की बऱ्याचदा पडद्याच्या खालच्या बाजूस एक पट्टी झळकते. "आम्ही कुकीज वापरतो" असे तिच्यात लिहिलेले असते आणि शेजारी 'स्वीकारा' असे मोठे बटण असते. आपल्याला घाई असते. आपण बटण दाबतो आणि पुढे जातो. कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये, हे आपल्याला मागच्या पिढ्यांनी स्वतः किंमत मोजून शिकविले आहे. सावकाराच्या कागदावर न वाचता उठविलेल्या अंगठ्याने किती जमिनी गेल्या, ते खेड्यापाड्यांतील कुटुंबांना सांगायला नको. मग आज शिकलेसवरलेले आपण दिवसातून दहा वेळा न वाचता अंगठा का उठवतो? याचे उत्तर सोपे आहे. कुकी म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगितलेले नाही. ते सोप्या भाषेत सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

विसराळू यंत्र आणि केसपेपर

प्रथम एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपण मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा सफारी यांसारखा कार्यक्रम, दूरवरच्या एका संगणकाकडे पान मागतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर पान पाठवितो आणि तेथे तो व्यवहार संपतो. दुसऱ्या क्षणी आपण दुसरे पान मागितले, तर मघाशी पान मागणारा तो हाच माणूस, हे सर्व्हरला कळत नाही. ज्या नियमांनी ही देवाणघेवाण चालते ते नियमच मुळात असे विसराळू आहेत.

सरकारी दवाखान्याचे उदाहरण घेऊ. रोज शेकडो रुग्ण येतात. डॉक्टर प्रत्येकाचा चेहरा लक्षात ठेवू शकत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी खिडकीवर केसपेपर काढला जातो आणि त्यावर क्रमांक घातला जातो. पुढच्या खेपेस रुग्ण तोच केसपेपर घेऊन येतो. क्रमांक पाहिला की जुनी नोंद सापडते. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, कागद रुग्णाच्या खिशात असला तरी त्या क्रमांकापुढची सविस्तर नोंद दवाखान्याच्या रजिस्टरात असते.

कुकी म्हणजे नेमका असाच केसपेपर. पहिल्या भेटीत सर्व्हर पानाबरोबर एक छोटी चिठ्ठी पाठवितो आणि ब्राउझरला सांगतो, ही तुझ्याजवळ ठेव. त्या चिठ्ठीवर बहुधा अक्षरे आणि आकडे मिसळून केलेला एक लांबलचक क्रमांक असतो. त्याखेरीज ही चिठ्ठी कोणत्या संकेतस्थळाची आहे आणि किती दिवस जपायची आहे, हेही लिहिलेले असते. चिठ्ठीचा आकार अगदी लहान असतो, साधारण चार हजार अक्षरांपेक्षा जास्त मजकूर तीत मावत नाही. पुढे त्या संकेतस्थळाचे कोणतेही पान मागताना ब्राउझर ती चिठ्ठी आपोआप, आपल्याला न विचारता, दाखवितो. सर्व्हर क्रमांक वाचतो आणि आपले रजिस्टर उघडतो.

काही चिठ्ठ्या ब्राउझर बंद करताच नाहीशा होतात. अर्ज भरताना आपण लॉगिन केले की पुढच्या प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही, ते अशा चिठ्ठीमुळेच. काही चिठ्ठ्या मात्र महिनोन्‌महिने राहतात. पूर्वी त्या वर्षानुवर्षे राहू शकत. २०२२ पासून क्रोमने ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे.

चिठ्ठीचा जन्म

कुकीचा जन्म १९९४ सालचा. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा तरुण अभियंता काम करीत होता. ग्राहकाने दुकानाच्या एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर जाईपर्यंत लक्षात कशी ठेवायची, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने ही चिठ्ठीची युक्ती काढली. संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या बोलीत, एका कार्यक्रमाने दुसऱ्याला जपून ठेवण्यासाठी दिलेल्या खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून हे नाव आले. खाण्याच्या बिस्किटाशी तिचा एवढाच संबंध.

हेतू सरळ होता. प्रत्येक माणसाला एक कायमचा क्रमांक द्यावा, असा सोपा मार्गही माँटुलीला घेता आला असता. पण त्यामुळे जो तो माणसाचा माग काढील, म्हणून त्याने तो टाळला. प्रत्येक संकेतस्थळाची चिठ्ठी वेगळी आणि ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचायची, असा नियम त्याने घातला. तो नियम आजही आहे. पण कायद्यातून पळवाट निघावी तशी या नियमातूनही पळवाट निघाली.

सर्वसामान्य लोकांना याचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राने कुकीविषयी लिहिले, तेव्हा लोकांचे लक्ष तिकडे गेले. आपल्या देशात तर विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले तेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे इंटरनेट आपल्या दारात आले ते कुकी खिशात घेऊनच आले.

मेन रोडवरील टिपणी करणारा

आता पळवाट समजून घेऊ. समजा, नाशिकच्या मेन रोडवर कापडाचे दुकान आहे, शालिमारला पुस्तकांचे, रविवार कारंज्याला औषधांचे, आणि नाशिक रोडला घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एजंटाचे कार्यालय. चारही मालक वेगवेगळे, एकमेकांना न ओळखणारे. पण प्रत्येकाच्या दारात एकाच जाहिरात कंपनीचा माणूस उभा आहे. दुकानदाराने त्याला जागा दिली आहे, कारण त्याच्याकडून दुकानदाराला पैसे मिळतात.

आपण कापडाच्या दुकानात शिरताच हा माणूस आपल्या खिशात एक चिठ्ठी सरकवितो आणि स्वतःच्या वहीत लिहितो, "क्रमांक ७४९२, कापड, लग्नाचा बस्ता." आपण पुस्तकांच्या दुकानात गेलो की तेथला त्याचा जोडीदार चिठ्ठी पाहतो आणि लिहितो, "७४९२, स्पर्धा परीक्षेची पुस्तके." औषधांच्या दुकानात, "७४९२, मधुमेहाची गोळी." एजंटाकडे, "७४९२, दोन खोल्या, भाडे कमी." संध्याकाळी चौघांची वही एकत्र होते. दुकानदारांना आपल्याविषयी एकेक गोष्टच माहीत असते, या कंपनीला मात्र चारही माहीत असतात. ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचली, नियम मोडला नाही, आणि तरीही संपूर्ण माणूस वाचला गेला.

इंटरनेटवर हे असे घडते. आपण बातम्यांचे पान उघडतो. त्या पानावरील जाहिरात, चित्र किंवा डोळ्यांना न दिसणारा एखादा ठिपका वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येत नाही, जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. तो आणण्यासाठी ब्राउझरला त्या कंपनीकडे जावे लागते. जाताना तो तिची चिठ्ठी दाखवितो, आणि आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत हेही कळवितो. हजारो संकेतस्थळांवर एकाच कंपनीचे ठिपके असले, की आपला दिवसभराचा प्रवास तिच्या वहीत उतरतो. अशा चिठ्ठीला 'थर्ड पार्टी कुकी', म्हणजे त्रयस्थाची चिठ्ठी म्हणतात. आपण ज्याच्या दारात गेलो त्याची चिठ्ठी ती 'फर्स्ट पार्टी'. हा भेद पक्का लक्षात ठेवावा. पहिली बहुधा कामाची असते. काळजी करावी लागते ती मुख्यतः दुसरीची.

हा धोका तज्ज्ञांना वेळीच दिसला नव्हता असेही नाही. कुकीचे पहिले अधिकृत तांत्रिक नियम फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्रयस्थाची चिठ्ठी वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज स्वीकारू नये, असे त्यांत सांगितले होते. पण त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी ते पाळले नाही, कारण तोवर जाहिरातीचा धंदा चिठ्ठीवर उभा राहू लागला होता. डबलक्लिक ही त्यातील आघाडीची कंपनी. तिने १९९९ मध्ये टपालाने खरेदी करणाऱ्यांची नावे व पत्ते बाळगणारी दुसरी कंपनी विकत घेतली. निनावी क्रमांकांना नावे जोडण्याचा बेत होता. मोठा गदारोळ झाला आणि मार्च २००० मध्ये तो बेत बाजूला ठेवावा लागला. पुढे २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या मालकीची झाली.

नाव नसले तरी ओळख पटते

"चिठ्ठीवर माझे नाव नाही, मग बिघडले काय?" असा प्रश्न कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन ऐकले पाहिजे.

खोली भाड्याने घ्यायला गेल्यावर घरमालक आधी नोकरी विचारतो, गाव विचारतो आणि मग हळूच विचारतो, "आडनाव काय आपले?" त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. उत्तर ऐकल्यावर खोली अचानक 'कालच दिली' असते. त्या घरमालकाला निदान प्रश्न तरी विचारावा लागतो. चिठ्ठीला तोही विचारावा लागत नाही. एकाच क्रमांकाने महिनाभरात जात पडताळणीसाठी लागणारी कागदपत्रे शोधली, रमाई आवास योजनेची माहिती वाचली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची शेवटची तारीख पाहिली आणि दीक्षाभूमीला जाण्याच्या गाड्या पाहिल्या, तर त्या माणसाचा समाज ओळखायला आडनावाची गरज काय? ज्या पानांवर त्रयस्थाचे ठिपके आहेत, त्या पानांवरून असा अंदाज बांधणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. तीच गोष्ट आजाराची, कर्जबाजारीपणाची आणि घरातील अडचणींची.

ही भीती काल्पनिक नाही, हे परदेशातील दोन उदाहरणांवरून दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवून दिले की, फेसबुकवर घरांविषयीची जाहिरात देताना कृष्णवर्णीयांसारखे गट वगळण्याची सोय होती. लोकांच्या वागण्यावरून फेसबुकने हे गट बनविले होते, कोणी अर्जात वर्ण लिहून दिला नव्हता. मार्च २०१९ मध्ये तेथील गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर भेदभावाचा ठपका ठेवला आणि जून २०२२ मध्ये सरकारशी तडजोड करून कंपनीला आपल्या जाहिरात पद्धतीत बदल मान्य करावे लागले. दुसरे उदाहरण औषधांचे. गुडआरएक्स या औषधसवलत देणाऱ्या कंपनीने ग्राहकांच्या आजारांविषयीची माहिती अशाच ठिपक्यांमार्फत फेसबुक, गूगल आदी कंपन्यांना पुरविल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

ज्याला वगळले त्याला वगळल्याचे कळतही नाही, हे यातील सर्वांत गंभीर. 'तुम्हाला प्रवेश नाही' अशी पाटी दारावर असली तर तिच्याविरुद्ध सत्याग्रह करता येतो. नाशिककरांनी काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली तो केला. पण घराची किंवा नोकरीची जाहिरात आपल्या पडद्यावर आलीच नाही, तर दाद कोणाकडे आणि कशाची मागायची?

काही गैरसमज

कुकीविषयी अवाजवी भीतीही बरी नव्हे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. कुकी हा विषाणू नाही. ती नुसता मजकूर आहे, स्वतःहून काही करू शकत नाही. ती आपल्या मोबाईलमधील छायाचित्रे किंवा कागदपत्रे वाचत नाही. कुकी नसती तर लॉगिन, तिकीट आरक्षण, बँकेचा व्यवहार हे काहीच नीट चालले नसते.

त्याचप्रमाणे 'इनकॉग्निटो' किंवा खासगी खिडकीविषयीही भ्रम आहे. ती खिडकी बंद केली की तेवढ्या वेळच्या चिठ्ठ्या पुसल्या जातात, हे खरे. पण इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून, किंवा ज्या संकेतस्थळावर आपण लॉगिन केले त्याच्यापासून ती आपल्याला लपवीत नाही.

आणखी एक. मोबाईलवरील ॲपमध्ये ब्राउझरच्या चिठ्ठ्यांऐवजी बहुधा फोनचा 'जाहिरात क्रमांक' वापरला जातो. काम तेच, चिठ्ठी वेगळी. ॲपलने एप्रिल २०२१ पासून आपल्या फोनवर या कामासाठी ॲपने आधी परवानगी मागितलीच पाहिजे असा नियम केला. अँड्रॉइड फोनवर हा क्रमांक आपला आपण काढून टाकावा लागतो.

चिठ्ठी चोरीस गेली तर

खासगीपणाखेरीज एक रोकडा धोकाही आहे. लॉगिन केल्यावर मिळालेली चिठ्ठी ही सिनेमाच्या अर्ध्या फाडलेल्या तिकिटासारखी असते. मध्यंतरात बाहेर गेलेला माणूस ते दाखवून आत येतो, त्याला कोणी पुन्हा पैसे मागत नाही. तेच तिकीट दुसऱ्याच्या हाती लागले तर तोही आत येतो. चालू असलेल्या लॉगिनची चिठ्ठी चोराला मिळाली, तर पुष्कळदा त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. फुकट मिळणारे चोरटे सॉफ्टवेअर उतरवून घेतल्यावर असे प्रकार घडतात. बँकांची संकेतस्थळे काही मिनिटे हालचाल न दिसल्यास आपल्याला बाहेर काढतात, त्याचे एक कारण हेच. त्याचा राग मानू नये.

सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात तर चोरीचीही गरज नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून विद्यार्थिनी 'लॉगआऊट' न करता उठून गेली, तर त्याच खुर्चीवर पुढे बसणाऱ्यासमोर तिचे खाते उघडे असू शकते. त्यात तिचा आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखलाही असतो.

जगात काय चालले आहे

युरोपमध्ये २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, आवश्यक नसलेल्या चिठ्ठ्यांसाठी आधी संमती घेणे बंधनकारक झाले. पुढे २५ मे २०१८ पासून तेथे माहिती संरक्षणाचा कडक कायदा लागू झाला. पडद्यावरच्या त्या पट्टीचा उगम या कायद्यांत आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की, आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. 'स्वीकारा' हे एका बोटाने आणि 'नाकारा' हे मात्र चार पानांनंतर, अशी लबाडी केल्याबद्दल फ्रान्सच्या यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

ब्राउझरपैकी फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात त्रयस्थ चिठ्ठ्या आपोआप अडविण्यास आरंभ केला. सफारीने मार्च २०२० पासून सर्वच त्रयस्थ चिठ्ठ्या बंद केल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये तसेच करण्याची घोषणा केली, पण तारखा पुढे ढकलीत अखेर एप्रिल २०२५ मध्ये तो विचार सोडून दिला. क्रोम ज्या कंपनीचा आहे तिचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्याकडील बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोमच असतो. म्हणून हे दार आपोआप बंद होईल अशी वाट न पाहता आपणच ते लावून घेतले पाहिजे.

आपला कायदा आणि आपला हक्क

आपल्या देशात या हक्काची कथा जुनी आहे. मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ठेवण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, असे एक कलम त्यात होते. अंतिम राज्यघटनेत तो स्वतंत्र मूलभूत हक्क म्हणून आला नाही. पुढे सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. हा खटला उभा राहिला तो आधार योजनेवरून. त्या योजनेतील पहिला क्रमांक आपल्या उत्तर महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला होता. आधारचा क्रमांक निदान आपल्याला माहीत असतो, तो कार्डावर छापलेला असतो. चिठ्ठीवरचा क्रमांक मात्र आपला असूनही आपल्याला ठाऊक नसतो.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्या दिवसापासून १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही. पण ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो ती सर्व वैयक्तिक माहिती, अशी व्याख्या असल्याने चिठ्ठीतून गोळा केलेली अशी माहितीही तिच्या कक्षेत येते. आपण लक्षात ठेवाव्यात अशा त्यातील तरतुदी पुढीलप्रमाणे :

संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घेतलेली असावी. गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे.

दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणजे ती मराठीत मागणे हा आपला हक्क ठरतो.

अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखविण्यास, काही अपवाद सोडता, मनाई आहे.

माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यात उणिवाही आहेत. केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचे विस्तृत अधिकार आहेत आणि त्यावर टीका झाली आहे. शिवाय हक्क कागदावर असला तरी तो मागणारा जागा असावा लागतो, हा आपला नेहमीचाच अनुभव आहे.

आपण काय करावे

१. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात काम झाले की 'लॉगआऊट' केल्याशिवाय खुर्ची सोडू नये. शक्य तर खासगी खिडकीतच अर्ज भरावा. "पासवर्ड लक्षात ठेवू का?" असे विचारल्यास नाही म्हणावे.

२. क्रोममध्ये उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर जाऊन सेटिंग्ज उघडावी, त्यात गोपनीयतेच्या भागात थर्ड पार्टी कुकीज बंद करण्याचा पर्याय आहे, तो निवडावा. हे एकदा केले की पुरते. एखादे संकेतस्थळ अडले, तर तेवढ्यापुरती परवानगी देता येते.

३. पट्टी आल्यावर 'नाकारा' किंवा 'फक्त आवश्यक' असे बटण शोधावे. पुष्कळदा ते फिकट रंगात आणि कोपऱ्यात असते.

४. महिन्यातून एकदा जुन्या चिठ्ठ्या पुसाव्यात. त्यानंतर पुन्हा लॉगिन करावे लागेल, म्हणून पासवर्ड आधी नीट लिहून सुरक्षित ठेवावेत.

५. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाऊन जाहिरात क्रमांक काढून टाकावा. घरातील मुलांच्या फोनवरही हे करावे.

६. आजार, कर्ज, कोर्टकचेरी यांविषयी शोध घेताना खासगी खिडकी वापरावी आणि तेथे आपल्या खात्यात लॉगिन करू नये.

७. फुकटचे, चोरटे सॉफ्टवेअर आणि अनोळखी जोडण्या उतरवून घेऊ नयेत.

आठवी गोष्ट संस्थांसाठी आहे. आपल्या अनेक मंडळांची आणि विहारांची आता संकेतस्थळे आहेत. वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज, विद्यार्थी गुणगौरवाची यादी, वैद्यकीय मदतीचे अर्ज त्यांवर भरून घेतले जातात. त्यांत शिक्षण, पगार, पत्ता, आजार, घटस्फोट अशी नाजूक माहिती असते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला कार्यकर्त्यांनी स्पष्ट विचारावे की, यात कोणाकोणाचे ठिपके बसविले आहेत आणि ते कशासाठी? ज्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही तो ठिपका काढून टाकावा. दुसऱ्याकडे हक्क मागताना आपल्या दारातील व्यवहार आधी चोख असावा.

कुकी ही मुळात सोयीसाठी केलेली साधी चिठ्ठी आहे. तिच्यामुळे इंटरनेट सोडून द्यावे असे कोणी म्हणणार नाही. ज्या समाजाला अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्याने ज्ञानाचे हे नवे साधन तर दोन्ही हातांनी घेतले पाहिजे. मात्र घेताना डोळे उघडे असावेत. आपण कोण, कुठले, आपल्या घरात काय दुखते-खुपते, हे कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्याचा अधिकार माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. म्हणून पुढच्या वेळी ती पट्टी आली की क्षणभर थांबावे, वाचावे आणि मगच बोट ठेवावे.